तपासणीचा दिवस

आज तपासणी, म्हणून जैतुन नदाफ
यार्डातल्या कामाला बुट्टी मारून आल्यात
स्वतःच्या घरी.
तीन मजले चढून दम लागलाय.
लिफ्टची जागा आहे, लिफ्ट येणार आहे,
तिथं सध्या कुणाकुणाच्या सायकली.
त्यांनी बेल वाजवली.
मी म्हटलं, अहो, बेल कशाला.

मी इथला भाडेकरू. कागदावर मी नाही.
कागदावर मी फक्त भरणारा:
घरकुल विभाग, कंत्राटी, अकरा महिने,
मग एक दिवस खंड, मग पुन्हा अकरा.
यांचा अर्ज मीच भरला होता.
'भारतात कुठेही पक्के घर नाही'
या ओळीपुढं खूण केली तेव्हा
त्यांनी विचारलेलं,
भारतात म्हणजे कुठवर बघत्यात?

माझं आहे. जत तालुक्यात,
आठ-अ च्या उताऱ्यावर चौघांत एक नाव.
वाट्याला येते न्हाणी आणि निम्मा सोपा.
त्या न्हाणीमुळं मी योजनेत बसत नाही.

त्या बसल्या. सोडतीत चिठ्ठी निघाली.
किल्लीवाटपाच्या फोटोत मागच्या रांगेत आहेत,
पुठ्ठ्याच्या हातभर किल्लीआड अर्धा चेहरा.

मग हिशेब.
कुपवाडच्या माळावरून मार्केट यार्डात रिक्षा:
जायला चाळीस, यायला पन्नास,
कारण संध्याकाळी इकडं कुणी येत नाही.
हळद निवडायची मजुरी तीनशे,
माल कमी आला तर दोनशे.
बँकेचा हप्ता बावीसशे.
पाणी दोन दिवसांआड, तेही दुपारी बाराला.
चार महिने काढले त्यांनी.
पाचव्यात परत नदीकडच्या पत्र्यात गेल्या,
जिथून यार्ड पायी दहा मिनिटं
आणि जिथं निळी पूररेषा
चुलीच्या वरून जाते, खुंटीच्या खालून.
मला म्हणाल्या, तुम्हीच ऱ्हावा की. चोवीसशे द्या.
एवढ्या मोठ्या योजनेतून
महिन्याला त्यांच्या हातात उरतात
ते हे दोनशे.

तर आज माझे बूट, दाढीचं सामान,
गावाकडची वळकटी, सगळं माळ्यावर.
त्यांनी पिशवीतून काढलं:
दोन साड्या दोरीवर टाकायला,
नातवाचं दप्तर,
मिरजेच्या दर्ग्याची तसबीर.
माझं कॅलेंडर उतरवून त्याच खिळ्याला लावली.
खिळा त्यांनीच मारलेला होता.
गॅस कसा पेटतो ते मी दाखवलं,
लायटर जरा तिरका धरावा लागतो.

अकराला खाली गेलो
आणि खोचीकर साहेबांबरोबर पुन्हा वर आलो.
माझ्याच दारावर टकटक केली.
साहेब भला माणूस, चपला बाहेर काढल्या.
मावशी, इथंच राहता?
मग कुठं ऱ्हाणार? त्या म्हणाल्या.
ते उत्तर नव्हतं.
पण रकान्यात प्रश्न लिहायला जागा नसते.

साहेबांची नजर फिरत फिरत
दिव्याच्या बटणांवर थांबली.
भोवती पिवळी बोटं,
त्या चार महिन्यांतली.
मी फिनेलनं घासलीत, लिंबानं घासलीत,
शेवटी सोडून दिलं.
राहतात, दिसतंय, साहेब म्हणाले.
लिही, होय.
मी लिहिलं, होय.
लिहिताना अक्षर चांगलं आलं.

साहेबांना सोडून वर आलो तर
त्या खिडकीशी उभ्या.
इथून नदी दिसत नाही,
एमआयडीसीची टाकी दिसते आणि दगडी माळ.
कोयनेतनं सोडलं तरी हितं पाणी येत न्हाई, व्हय?
नाही, मी म्हटलं. नळालाही येत नाही.
हसल्या.
साड्या घडी करून पिशवीत,
तसबीर पदरात गुंडाळून पिशवीत,
दप्तर.
तसबीर असू दे की, मी म्हटलं.
नको, पत्र्यात खिळा मोकळा ऱ्हाईल.

मग चहाचा कप विसळला,
पालथा धरून पाणी निथळवलं,
ओट्याकडं बघितलं, फळीकडं बघितलं,
आणि मला विचारलं,
कुठं ठेवू?